मरणाची थंडी

बोल्टनच्या इस्पितळात पहिल्याच आठवड्यात
मॅक्सीन म्हणाली, "तुझा स्वेटर डेड नाइस आहे गं."
मी बाहीवरून हात फिरवला.
लोकर होती. ऊब होती.
मेलेलं काही हाताला लागलं नाही.

मग हळूहळू कळत गेलं.
इथे बस डेड उशिरा येते, चहा डेड गरम असतो,
नवा डॉक्टर डेड देखणा
आणि नेमकं त्याचं लग्न झालेलं,
मॅक्सीनचा धाकटा गणितात डेड हुशार,
फक्त शाळेत जात नाही.
बॅटरी डेड, बुधवारी दुपारी बाजार डेड,
हे मला आधीपासून ठाऊक होतं,
पण डेड हुशार?

आणि जो खरोखर असतो, त्याला कोणी तसं म्हणत नाही.
त्याच्या खाटेभोवती निळा पडदा ओढतात,
खिडकी बोटभर उघडतात
आणि नातेवाइकांना फोनवर सांगतात, "ते गेले."
प्रशिक्षणात बजावलं होतं, असं सांगू नका.
कुणीतरी विचारतं, "कुठल्या वॉर्डात?"

मी हसायचे. घरी फोन करून सांगायचे,
ऐका, या लोकांचं इंग्रजी.
मग एका रात्री, औषधांची ट्रॉली ढकलताना,
वेंगुर्ल्याची द्वारकामावशी आठवली.
"मेलं हे झाकण लागतच नाही."
"कुठे उलथला होतास मेल्या, जेव आधी."
मरणाचा उकाडा, मरणाची घाई,
फणस मरणाचा गोड,
आणि तिला स्वतःला मरायला वेळ नाही.
दिवसातून पन्नासदा तिच्या जिभेवर मरण,
मिठासारखं, चिमूटभर.
आणि काका वारले त्या सकाळी
दारात उभी राहून एवढंच म्हणाली,
"हे गेले."

ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत होतं.
मेलं ते चाक.

सात नंबरला एंटविसल आजोबा,
वय एक्क्याण्णव, चाळीस वर्षं सूतगिरणीत.
मागांच्या गोंगाटात ओठांवरूनच बोलायचे सगळे,
ती सवय अजून होती,
आवाज नसला तरी तोंड मोठं उघडून
एकेक अक्षर दाखवायचे.
पहाटे चारला त्यांचं पांघरूण सारखं करताना
माझ्या तोंडून निघून गेलं, "मरणाची थंडी आहे."
"काय म्हणालीस?"
मी शब्दाला शब्द लावून सांगितलं.
ते इतके हसले की ऑक्सिजनची नळी सरकली.
"अगं, तू तर इथलीच की!
माझी आई अगदी असंच म्हणायची."
आणि झोपताना, आवाजाशिवाय, ओठांनी:
तू डेड चांगली आहेस.

मंगळवारी मी सुट्टीवर होते.
बुधवारी आले तर सात नंबरला
कोरी चादर, आणि खिडकी बोटभर उघडी.
त्यांच्या मुलीला न्यूझीलंडला फोन लागत नव्हता रात्रभर,
तो मी लावला.
शिकवलेला शब्द वापरला, सरळ, आडपडदा न ठेवता.
पलीकडे बराच वेळ समुद्रासारखा आवाज.
मग ती म्हणाली, "थँक यू," आणि लाइन डेड.

मागच्या खोलीत मॅक्सीन चहा करत होती.
"डेड गोड होता बिचारा," ती म्हणाली
आणि थांबली. तोंडावर हात गेला.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं.
आधी तिला फुटलं हसू, मग मला,
नंतर ते हसू राहिलं नाही.

नाक पुसता पुसता मी म्हटलं, "मेला."
"म्हणजे?"

काय सांगणार?
की तो मेला हेही यात आहे,
आणि लबाडा, न सांगता कुठे निघालास, हेही,
आणि माझ्या मावशीचं न लागणारं झाकणसुद्धा.

"काही नाही," म्हटलं, "चहा दे.
मरणाची थंडी आहे."
हे तिला मराठीतच सांगितलं.
तिने मान हलवली, खिडकी लावून घेतली,
आणि मला दोन चमचे साखर जास्त घातली.